नववा टप्पा

दुपारी बारापर्यंत मी बोलत नाही. अकरा वर्षांचा नेम आहे. इस्पितळाच्या धोबीखान्यात मी फाटक्या चादरी शिवते, तिथे त्याची कुणाला अडचण होत नाही. घरी मान आणि हात पुरतात. धाकटे दीर म्हणतात, "दादा नशीबवान. अर्धा दिवस शांतता."

माझ्या नणंदेचे, वन्संचे, शेवटचे तीन महिने एका शुश्रूषागृहात गेले. बरं होण्यासाठी तिथे कुणी जात नाही. पडून पडून वन्संच्या पाठीला जखमा झाल्या. खालून हवा फिरणाऱ्या गाद्या असल्या तर तसं होत नाही, पण तिथे माणसं चौदा आणि गाद्या दोन. वन्संची पाळी आली तेव्हा चार दिवस उरले होते. त्या गेल्यावर मी देवापुढे बोलले की जुन्या कालव्याच्या काठची वाट मी पायी चालेन. पंधरा टप्पे, रोज एक. ओळखीपाळखीच्या लोकांनी किलोमीटरमागे काही ना काही द्यायचं, त्यातून गाद्या घ्यायच्या. प्रत्येक पाऊल माझं असेल, असा शब्द मी प्रत्येकाला तोंडी दिला होता, धोबीखान्यातल्या मुकादमालासुद्धा.

मला एकटीला जायचं होतं. तसं सांगूनही पाहिलं. पण यांनी रजा टाकली. हे एका कारखान्यात भांडारपाल आहेत, कुठलीही गोष्ट मोजून-मापून, यादी करून करणारे. "माझी बहीण होती ती," म्हणाले. यावर काय बोलणार? दिरांनी आपल्या बेकरीची पावाची गाडी काढली, मागे गादी टाकली. त्यांच्या मुलीने, माझ्या पुतणीने, फोनवर एक पान उघडलं आणि माझे फोटो टाकायला लागली. सगळे माझ्यासाठी.

रोज पहाटे सहाला मी टप्प्याच्या, आकडा कोरलेल्या दगडापासून चालायला लागायची. गाडी पुढच्या दगडापाशी जाऊन थांबायची. प्रत्येक दगडापाशी एक लोखंडी पेटी, पेटीत शिक्का. पोचल्यावर आपल्या कागदावर आपणच शिक्का उठवायचा. पाहायला कुणी नसतं. वाटेत मधे दोनदा हे पुढच्या दगडाकडून माझ्याकडे चालत यायचे, पाणी द्यायचे, घड्याळ बघायचे. संध्याकाळी पुतणी माझे पाय मांडीवर घ्यायची, फोड दिसतील असा फोटो काढायची आणि मग मलम लावायची. पावाच्या वासाच्या त्या डब्यात आम्ही चौघं, गुडघ्याला गुडघा. मी कूस बदलली तरी तिघं विचारायचे, काय झालं.

बारा वाजले की एक खेळ चालायचा. दिवसाचा माझा पहिला शब्द कोणता, यावर दीर आणि पुतणी पैज लावायचे. चहा, पाणी, पाय, देव. मला हसू यायचं. निदान सुरुवातीला यायचं.

नवव्या दिवशी पहाटे अंगात ताप होता. यांनी कपाळाला हात लावला आणि मला गाडीत आडवं केलं. दहा मिनिटं पड, म्हणाले. तापावरची गोळी दिली. मी पडले.

जाग आली तेव्हा दार उघडं होतं आणि समोरच्या दगडावर दहाचा आकडा होता. साडेनऊ वाजले होते. नववा टप्पा, अकरा किलोमीटर, माझ्या पायाखालून नव्हे तर पाठीखालून गेला होता. यांनी माझा कागद पुढे धरला. त्यावर नवव्या टप्प्याचा शिक्का ओला होता.

मी मागे बोट दाखवलं. पुन्हा दाखवलं, जोरात.

"हो, मागे पडलं ते," हे मायेनं म्हणाले. "आता पुढचं बघ."

पुतणीने तोवर पानावर टाकूनही दिलं होतं, दगड दिसला की टाकायचं ही तिची सवय. काकूचा नववा टप्पा पूर्ण. थोड्या वेळाने शुश्रूषागृहाच्या मेट्रनबाईंचा निरोप आला. तिथल्या खिडकीजवळच्या आजोबांनी भिंतीवरच्या कालव्याच्या नकाशावर माझी टाचणी पुढे सरकवायला लावली होती. पुतणीने निरोप मोठ्याने वाचला. दिरांनी डोळे पुसले.

मग बारा वाजले. तिघंही माझ्या तोंडाकडे बघत होते. हातात त्यांनी दिलेली ताटली होती. तोंडाशी आलेलं वाक्य मी घासाबरोबर गिळलं.

"मीठ कमी आहे," मी म्हटलं.

पुतणीने त्या दिवशी मिठावर पैज लावली होती, ती जिंकली. तिने टाळी दिली. मलाही द्यावी लागली.

नेम बारापर्यंतचा होता. पुढचं गप्प बसणं माझं होतं, त्यात देवाचा काही संबंध नव्हता. पुढचे पाच दिवस मी चालले आणि रोज संध्याकाळी ठरवलं की आज सांगायचं. पण हे माझी चप्पल झटकून ठेवत असायचे. दीर बेकरीतल्या कुणाला तरी फोनवर सांगत असायचे की वहिनी काय बाई आहे! कोणत्या तोंडाने सांगणार? लहान मुलाला पांघरुणात घट्ट गुंडाळावं, तसं मला सगळ्यांनी गुंडाळलं होतं. हात बाहेर काढायचा तर त्यांचं पांघरूण फाटणार.

चौदाव्या संध्याकाळी यांना बाजूला घेऊन सांगितलं की नववा टप्पा मी चाललेली नाही, तो मोजायचा नाही. हे कालव्याकडे वळले.

"तेव्हाच का नाही बोललीस?"

"मौन होतं."

"आणि बारा वाजल्यावर?"

मी चपलेचा पट्टा सोडायला घेतला.

"तुला ताप होता," हे म्हणाले. "मी तुला उन्हात ढकलायला हवं होतं का? आता गावभर सांगणार, नवऱ्याने खोटा शिक्का मारला म्हणून?" आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

शेवटचा टप्पा संपवून आम्ही दुपारी तसेच शुश्रूषागृहात गेलो. मेट्रनबाईंच्या टेबलावर कागद ठेवला. त्यांनी पेनचं टोपण काढलं, पंधराही टप्पे पायी ना, असं हसत विचारलं आणि सहीसाठी कागद माझ्याकडे फिरवला. हे माझ्या शेजारी उभे होते. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

"चौदा," मी म्हटलं. "नववा मी झोपेत केला. मी कुणाला सांगितलं नाही. चूक माझी आहे."

पुतणीच्या हातातला फोन खाली आला.  मेट्रनबाईंनी पट्टी घेतली, नवव्या रकान्यावर आडवी रेघ मारली आणि म्हणाल्या, "ठीक आहे. चौदा टप्प्यांचं लिहिते. चहा घेणार?"

एवढंच. सहा दिवस मी ज्याखाली दबून होते, ते एका रेघेचं काम होतं.

आम्ही परत निघालो. तासाभराने दीर म्हणाले, एखादी गादी कमी येईल, बाकी काय. पुतणीने तोंड खिडकीकडे वळवलं होतं. तिच्या पानावरचं तिलाच दुरुस्त करावं लागणार होतं.

गाव जवळ आल्यावर हे समोर बघतच म्हणाले, "पुढच्या रविवारी सुट्टी आहे मला. तुला नवव्या दगडापाशी सोडतो. छत्री, पाणी, गोळ्या, मी यादी करतो."

त्यांचा राग त्या यादीत विरघळत चालला होता, हे मला कळत होतं. हो म्हणणं किती सोपं होतं.

"मी शनिवारी जाईन," मी म्हटलं. "बसने. एकटी."

गाडी चालत राहिली. दिरांनी आरशातून मागे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

"आणि ताप आला तर?" यांनी विचारलं.

"तर बसेन एखाद्या झाडाखाली. उतरला की चालेन."

 घर आलं. गाडी थांबली, तरी हे दाराला हात लावून तसेच बसून राहिले. त्यांना ओलांडून मला उतरता येत नव्हतं. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि वाट बघत राहिले.