ज्याचा टॅग, त्यानेच काढायचा

धावपळीत घर चालवणाऱ्या आईबापांना माझा एक फुकटचा सल्ला आहे. घरात शिस्त आणायची असेल, तर आधी घरातल्या सगळ्यात लहान माणसाची परवानगी घ्या. नाहीतर आमच्यासारखं होतं.

आमच्यासारखं म्हणजे असं. दादा लिफ्ट दुरुस्त करतो. वहिनी हॉस्पिटलात नर्स आहे, तीही कायम रातपाळीला. त्यांना दोन मुलं. मोठ्याला ‘झोप आता’ म्हटलं तरी तो ‘कोणत्या नियमाखाली?’ असं विचारतो, म्हणून सगळे त्याला वकील म्हणतात. धाकटी भिंगरी, ती पहिलीत आहे. आणि मी दादाचा धाकटा भाऊ, पाट्या छापायच्या दुकानात कामाला. दादाकडे तात्पुरता राहायला आलो होतो. मी आलो तेव्हा भिंगरी रांगत होती.

एका दुपारी वकिलाला शाळेतून आणायला आम्ही तिघंही गेलो, तीन दिशांनी. भिंगरीच्या शाळेत कोणीच गेलं नाही. सापडली तेव्हा ती शिपाईमामांना वजाबाकी शिकवत होती, आणि मामांचं शेवटचं गणित चुकतंय म्हणून घरी यायला तयार नव्हती.

त्याच संध्याकाळी दूध उतू गेलं.

“दुधाकडे कोण बघत होतं?” वहिनीने विचारलं.

“सगळे,” मी म्हणालो.

“म्हणजे कोणीच नाही,” वकील म्हणाला. “पुरावा ओट्यावर आहे.”

दादा ओटा पुसत होता. फडकं पिळता पिळता त्याचा चेहरा एकदम उजळला. दादाचा चेहरा असा उजळला की घराचं काही खरं नसतं.

त्याच्या धंद्यात एक पद्धत आहे. लिफ्टच्या खड्ड्यात उतरण्याआधी मेन स्विच बंद करायचा, त्याला कुलूप घालायचं आणि वर आपला टॅग लावायचा: ‘काम चालू आहे. हात लावू नये.’ मग सोसायटीचा चेअरमन दहाव्या मजल्यावरून चालत खाली आला आणि तुमच्या पायाशी बसून रडला, तरी तो टॅग दुसरा कोणी काढत नाही. ज्याचा टॅग, त्यानेच काढायचा.

“घरातही हेच करायचं,” दादा म्हणाला. “दूध तापत ठेवलं? लाव टॅग. आता ते दूध तुझं. पोरांना आणायला निघालात? त्या पोराच्या खुंटीला टॅग. दुसऱ्याने जायचं नाही.”

टॅग मीच छापले. दादाचा लाल, वहिनीचा निळा, वकिलाचा हिरवा, भिंगरीचा पिवळा. माझा पांढरा, कारण तोवर रंगीत शीट संपलं होतं. बांधायला दादाने कामावरच्या प्लास्टिकच्या पट्ट्या आणल्या, एकदा ओढल्या की कापल्याशिवाय न सुटणाऱ्या.

आणि खोटं कशाला बोलू, पद्धत चालली. दूध भांड्यात राहायला लागलं. दोन्ही मुलं घरी यायला लागली, प्रत्येकी एकदाच.

मग माणसाचा स्वभाव जागा झाला. वकिलाने सोफ्याला टॅग लावला. मी माझ्या पलंगाला लावला आणि रविवारी दुपारपर्यंत ‘काम’ चालू ठेवलं. दादा एकदा बाथरूमच्या नळाला टॅग लावून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला लिफ्ट बघायला निघून गेला, आणि आम्ही शेजाऱ्यांकडे दात घासले. शेजारच्या काकूंनी कारण विचारलं. मी सांगितलं. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

पण नियम कोणी मोडला नाही. नियम मोडला तर दादा ओरडत नाही, त्याच्या उस्तादाची गोष्ट सांगतो. अंधार, खड्डा, आणि वर कोणीतरी ‘सहज’ काढलेला टॅग. उस्ताद जेमतेम भिंतीला चिकटून वाचला. ती गोष्ट ऐकण्यापेक्षा शेजारी दात घासलेले बरे.

एकदाच भांडण झालं. भिंगरीने मुंग्यांच्या रांगेच्या सुरुवातीला टॅग ठेवला होता आणि मी तो उचलून झाडू मारला. तिने जे भोकाड पसरलं, ते ऐकून खालच्या मजल्यावरचा कुत्रा गप्प झाला. वहिनीने तिला मांडीवर घेतलं.

“माझा टॅग खोटा आहे का गं आई?”

“मुळीच नाही. बाबांच्या टॅगला जो मान, तोच तुझ्या टॅगला. मी कधी हात लावणार नाही. वचन.”

हे वचन जरा लक्षात ठेवा. आम्ही ठेवलं नव्हतं.

तेवढ्यात वहिनीच्या हॉस्पिटलात दिवसपाळीची कायमची जागा निघाली. वहिनी ज्या जागेची वाट लग्नाआधीपासून बघत होती, ती ही. मिळाली तर रात्री माणसांसारखं झोपता येणार होतं, हुकली तर पुढची जागा कोणीतरी निवृत्त होईपर्यंत नाही. आठवडाभर घरात एकच विषय. वकील आईची उलटतपासणी घ्यायचा, दादा जेवताना मुलाखतीचे प्रश्न विचारायचा. भिंगरी तेवढी गप्प होती. लहान मूल गप्प असेल तर ते झोपलंय की काय ते आधी बघा. झोपलं नसेल तर सगळी कामं सोडून धावा. हाही सल्ला फुकट.

मुलाखतीच्या सकाळी मी भिंगरीला शाळेत सोडून परत आलो, तर वहिनी दारात उभी. तयार, इस्त्रीचे कपडे, हातात बॅग. बॅगेत सगळी प्रमाणपत्रं. आणि बॅगेच्या दोन्ही चेन एकमेकींना प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधलेल्या. त्यावर पिवळा टॅग.

“कात्री दे,” वहिनी म्हणाली.

मी दिली. वहिनीने ती पट्टीवर टेकवली आणि थांबली.

“काप ना,” दादा म्हणाला. “मी काही म्हणत नाही. फक्त आमचे उस्ताद होते ना—”

“तू गप्प बस रे! तुझ्या उस्तादामुळेच ही वेळ आलीय.” तिने कात्री खाली ठेवली. “वचन दिलंय मी तिला.”

“आई, वचन तोंडी होतं,” वकील दप्तर अडकवत म्हणाला. “साक्षीदार फक्त मुंग्या. आणि त्या काकाने झाडल्या.”

वहिनीने त्याच्याकडे असं पाहिलं की वकिलाने खटला मागे घेतला.

“भावजी, स्कूटर काढा,” ती मला म्हणाली. एरवी ती मला ‘अरे ए’ म्हणते. ‘भावजी’ ऐकलं की मी निमूट ऐकतो.

भिंगरीला वर्गाबाहेर बोलावलं. ती आली, बॅग बघितली आणि हाताची घडी घातली.

“काम चालू आहे,” ती म्हणाली.

“कसलं काम, बाळा?”

“तू सकाळी जाणार. मग मला शाळेत काका सोडणार. काका रस्ताभर शिट्टी वाजवतो. बेसूर.”

मी वर्गाच्या भिंतीवरचा तक्ता वाचायला लागलो. हत्तीचा ह.

वहिनी तिच्यासमोर उकिडवी बसली. “सकाळी नसेन, खरंय. पण रात्री असेन.”

भिंगरीने घडी थोडी सैल केली. “कोणत्या रात्री?”

“सगळ्या.”

“झोपायला? माझ्याशेजारी? खरी आई?”

“खोटी कुठून आणू? खरीच.”

ही बातमी तिला कोणीच दिली नव्हती. आठवडाभर आम्ही पगार, हुद्दा, रजा सगळं बोललो, हे सोडून. भिंगरीने विचार केला. “रोज दोन गोष्टी.”

“एक.”

“दोन. आणि बाबांच्या उस्तादाची नाही.”

“मंजूर.”

मग तिने वर्गातली कात्री आणली. ती कात्री मुलांची बोटं कापू नयेत म्हणून बनवलेली होती, आणि बनवणाऱ्याने कामात जराही कसूर केली नव्हती. तिने कागदसुद्धा कापला जाईना. मी हात पुढे केला तर भिंगरी ओरडली, “ज्याचा टॅग, त्यानेच!”

घड्याळाकडे बघून वहिनीने बाईंची परवानगी घेतली आणि आम्ही तिघं एका स्कूटरवर हॉस्पिटलात पोचलो. मधे भिंगरी, तिच्या मांडीवर बॅग.

मुलाखत मोठ्या बाई घेत होत्या. मेट्रन. त्यांना बघून डॉक्टरसुद्धा शर्ट आत खोचतात. मी दाराशी बाकावर बसलो. दार उघडंच होतं.

“कागदपत्रं?” बाई म्हणाल्या.

“बॅगेत आहेत, मॅडम. पण बॅग हिने बंद केलीय. नियम असा आहे की—” आणि वहिनीने लिफ्ट, दूध, मुंग्या, सगळं सांगितलं. मी डोळे मिटले. गेली जागा.

बाईंनी टॅग उलटसुलट करून बघितला. मग भिंगरीला विचारलं, “तुझ्या आईला घरी कात्री मिळाली नाही का?”

“मिळाली होती. पण तिने कापलं नाही. तिला माहितीये, दुसऱ्याच्या टॅगला हात लावायचा नसतो.”

“उशीर होत असूनसुद्धा?”

“हो. तिला घाम आला होता,” भिंगरीने कौतुकाने सांगितलं.

बाईंनी ड्रॉवरमधून बँडेज कापायची कात्री काढली आणि मुठीकडून भिंगरीपुढे धरली. भिंगरीने जीभ बाहेर काढून, दोन्ही हातांनी, खटकन पट्टी कापली.

“माझ्या वॉर्डात,” बाई वहिनीला म्हणाल्या, “एकीने लावलेलं सलाईन दुसरी ‘सहज’ बंद करते. आणि औषधाची गाडी घेऊन निघालेल्या नर्सला वाटेत सतराशे साठ माणसं थांबवतात. हे टॅग छापतं कोण?”

मी बाकावरून उठून उभा राहिलो. शर्टही आत खोचला.

वहिनीला जागा मिळाली. मला ऑर्डर मिळाली. भिंगरीला दोन गोष्टी मिळाल्या. दादाला काय मिळालं, ते दिवसपाळीच्या पहिल्याच रात्री कळलं. जेवणं झाल्यावर तो झोपायला गेला, तर खोलीच्या दाराला पिवळा टॅग. आतून वहिनीचा गोष्ट सांगतानाचा आवाज, आणि भिंगरीचं खिदळणं.

“अगं, मी कुठे झोपू?”

“मी नाही लावलेला,” आतून वहिनी म्हणाली. “आणि मी काढू शकत नाही.”

दादा उशी घेऊन सोफ्याकडे गेला. हिरवा टॅग. वकील त्यावर आडवा पडून म्हणाला, “अर्ज करा.” दादा माझ्या खोलीत आला. पलंगाला पांढरा टॅग होता आणि मी घोरत होतो. म्हणजे घोरण्याचा आवाज काढत होतो.

“आमचे उस्ताद होते ना,” दादा अंधारात म्हणाला.

मी आवाज वाढवला.

थोड्या वेळाने पाणी प्यायला उठलो, तर दादा स्वयंपाकघरात स्टुलावर बसला होता. उशी मांडीवर, समोर शेगडीवर दूध. भांड्याच्या कानाला लाल टॅग. दूध हळूहळू वर येत होतं, आणि दादा त्याच्याकडे डोळ्यांत तेल घालून बघत होता. घरातली तेवढी एकच गोष्ट आता त्याची होती.