न गोठणारा कॅन

चर्चच्या तळघरात त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. बीट वाहणारे झाडून सगळे ट्रकवाले बायकापोरांसह आले होते. बाहेर अमेरिकेच्या उत्तरेकडच्या रेड नदीच्या खोऱ्यातली हाडं फोडणारी जानेवारीची थंडी, आणि त्या थंडीत पायरीवर ठेवलेले दोन कॅन. दोन्हींत डीईएफ, म्हणजे धुरातलं विष मारायला ट्रकच्या वेगळ्या टाकीत घालतात ते युरियाचं पाणी. एकात नुसतं, दुसऱ्यात फिरते प्रचारक ब्रदर डेल्बर्ट विकायचे ते, बायबलातल्या नदीच्या नावाचे 'जॉर्डन थेंब' घातलेलं.

स्तोत्रं झाली, भट्टीत भाजलेलं बटाट्या-मांसाचं हॉटडिश संपलं, कॉफी फिरली. मग कॅन आत आणले. पहिला दगड झाला होता. दुसरा खळखळला.

"ज्यानं समुद्र दुभंगवला, त्याला तुमची टाकी काय जड आहे?" ब्रदर गरजले. "कंपनीचा युरिया गोठतो, मित्रांनो. श्रद्धेचा गोठत नाही!"

वेंडेल ब्रेक्के चर्चचा विश्वस्त, पाच ट्रकांचा मालक. हे कॅन भरले कुणी, असा प्रश्न त्याच्या जिभेवर आला होता. पण आपल्या हातचं जेवलेल्या पाहुण्याला प्रश्न विचारणं म्हणजे या खोऱ्यात त्याच्या ताटातला घास काढून घेणं. वेंडेलनं प्रश्न गिळला, वर केकचा तुकडा ढकलला, आणि थेंबांची पहिली बाटली विकत घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या शेडमधला थेंब घातलेला कॅन विटेसारखा गोठून पडला होता. त्यानं ब्रदरना फोन लावला.

"कॅन नाही गोठला, वेंडेल," पलीकडून मायेनं उत्तर आलं. "तुमचा विश्वास गोठला."

आता विश्वस्ताचाच विश्वास गोठला, हे सांगायचं कुणाला? त्यानं कॅन स्वयंपाकघरात चुलीशेजारी ठेवून वितळवला आणि पुढच्या रविवारी उभं राहून साक्ष दिली, "आमचा खळखळतोय." वाक्य खरं होतं. तेवढंच खरं होतं.

मागच्या बाकावर डॅग्नी क्वामे होती. नवरा गेलेला, पदरी एकच ट्रक. शेतातल्या ढिगांवरून साखर कारखान्यात बीट नेऊन तिचा हिवाळा निघायचा. बाहेर पडताना तिनं विचारलं, "खरं ना रे, वेंडेल?"

"खरं."

ब्रदरवर नव्हे, त्या शब्दावर विसंबून तिनं थेंब टाकीत ओतले.

आठवडाभरात तिच्या ट्रकचे दिवे पेटले आणि इंजिन गोगलगाय झालं. धूर साफ करणारी जाळी क्षारानं मेलीय, आता गाडी वसंतातच रस्त्यावर येईल, असं मेकॅनिकनं सांगितलं. कारखान्यानं तिच्या खेपा दुसऱ्याला दिल्या. ती वेंडेलकडे आली, पण भांडायला नाही.

"तुझा तर खळखळतोय," ती म्हणाली. "माझ्यातच काय कमी पडलं असेल रे?"

वेंडेलला वर बघवेना. त्या संध्याकाळी तो गुरांच्या डॉक्टर मार्लिस ओडेन यांच्याकडे बाटली घेऊन गेला. डॉक्टरांनी थेंब तव्यावर आटवले. पांढरी खपली उरली.

"मीठ. रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मारतात तसलंच."

"मग ब्रदरांचा कॅन का गोठला नाही?"

"त्यात डीईएफ होतं, हे तू पाहिलंस?"

"ते म्हणाले."

"वा! मग मी आता गाईला विचारूनच औषध देत जाईन."

रविवारी पुन्हा ब्रदर, पुन्हा कॅन, पुन्हा खळखळ. डॉक्टरांनी त्यातलं थोडं केकच्या थाळीत ओतून काडी लावली. फिकट निळी ज्योत उठली.

"पवित्र आत्म्याची ज्योत!" ब्रदर ओरडले.

"गाडीची काच पुसायच्या पाण्यातला अल्कोहोल," डॉक्टर म्हणाल्या. "डीईएफ पेटत नाही. पटत नसेल तर ओता हे तुमच्याच गाडीच्या टाकीत."

ब्रदर आपली टोपी शोधू लागले. शोधता शोधता म्हणाले, "ज्यांची श्रद्धा पक्की, त्यांचा गोठला नाही. विचारा वेंडेलना!"

सगळ्या माना वळल्या. वेंडेल उठला. कानाच्या पाळ्या पेटल्यासारख्या झाल्या होत्या.

"माझाही गोठला होता. चुलीजवळ वितळवला, आणि मग इथं येऊन बोललो."

मग कोपऱ्यातून बारीक आवाज आला, "आम्ही न्हाणीच्या टबात गरम पाण्यात ठेवला होता."

"आम्ही पण."

अख्खं खोरं आठवडाभर अंघोळीचे टब अडवून बसलं होतं, आणि दर घराला वाटत होतं, पापी आपणच.

"अहो, गोठू द्या ना त्याला!" डॉक्टर वैतागून म्हणाल्या. "ट्रकच्या टाकीत ते वितळवायची सोय असते, आणि वितळलं की ते जसंच्या तसं. त्याला मारतं ते उन्हाळ्यातलं ऊन, उघडं झाकण आणि आपण त्यात ओतलेलं काहीबाही. तारीख बघून घ्या, झाकण घट्ट लावा, सावलीत ठेवा. आणि कॅन गोठला, तर गोठला म्हणा. चारचौघांत एकानं जरी म्हटलं असतं, तरी हा माणूस दुसऱ्या रविवारी आला नसता."

ब्रदर टोपीशिवायच निघून गेले.

"म्हणजे माझ्यात काही कमी नव्हतं?" डॅग्नीनं विचारलं.

"तुझ्यात नव्हतं," वेंडेल जमिनीकडे बघत म्हणाला, आणि त्यानं आपल्या एका ट्रकची किल्ली तिच्यापुढे ठेवली. "तुझा दुरुस्त होईपर्यंत. कारखान्यात मी येतो, सगळं सांगतो."

तिनं किल्ली उचलली. आभार मानले नाहीत.

"पुढच्या पाहुण्याला आधी प्रश्न विचार," ती म्हणाली. "जेवायला मग वाढू."