मुकी अकरा मिनिटं

चष्मेवाल्यांना एक खोड होती. ज्या वस्तूला बारीक स्क्रू असतो, ती आपल्याला दुरुस्त करता येते, अशी त्यांची पक्की समजूत होती. चष्म्याच्या दांड्या घट्ट करण्यात हयात गेलेल्या माणसाचं असं होत असावं. घरातला गजर, बायकोचं शिवणयंत्र, शेजाऱ्यांचा रेडिओ, सगळ्यांनी त्यांचा हात सोसला होता. त्यामुळे घरातल्या एकुलत्या एक सिनेमाची कॅसेट व्हीसीआरमध्ये अडकून ढीगभर फीत बाहेर आली, तेव्हा ती दुसऱ्या कुणाकडे द्यायचा विषयच निघाला नाही. त्यांनी कॅसेटचे पाच स्क्रू काढले, फीत चिमट्यात धरून हळूहळू गुंडाळली आणि मोठ्या ऐटीत कॅसेट पुन्हा लावली. चित्र आलं. आवाज मात्र ऐन निरोपाच्या प्रसंगात गेला. चिमट्याने फितीची कड चुरगळली होती, आणि आवाज नेमका त्या कडेला असतो हे चष्मेवाल्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पुढची अकरा मिनिटं पडद्यावरची माणसं नुसते ओठ हलवत राहिली.

सिनेमा तसा साधाच होता. समुद्राकाठचा एक माणूस लांबच्या बेटावरच्या दीपगृहात नोकरीला निघतो. बायको दारात उभी असते, खाली धक्क्यावर बोट भोंगा वाजवत असते. हा प्रसंग चष्मेवाल्यांच्या बायकोचा जीव की प्राण, आणि तोच मुका झालेला. ती चिडून म्हणाली, आवाज तुम्ही घालवलात, आता तुम्हीच बोला. चष्मेवाले खरंच उठले, टीव्हीशेजारी जाऊन उभे राहिले आणि पडद्यावरचा माणूस ओठ हलवायला लागताच गंभीर चेहऱ्याने म्हणाले,

"दार लावून घे. वाट बघत बसू नकोस. किल्ली आहे माझ्याकडे."

रोज सकाळी दुकानात जाताना ते हेच म्हणत. दोन्ही मुलं हसून हसून जमिनीवर लोळली. बायकोला राग धरून ठेवायचा होता, पण पडद्यावरच्या बाईचे ओठ हलले आणि तिच्याही तोंडून रोजचंच वाक्य निघालं, "दोन घास खाऊन तरी जा."

तेव्हापासून कामं वाटली गेली ती कायमची. थोरली नावाडी झाली. तिला एकच वाक्य होतं, "आटपा लवकर, भरती थांबत नाही." ते तिच्या स्वभावाला शोभणारंच होतं. धाकट्याकडे बोटीचा भोंगा आला, आणि तो गाल फुगवून असा काही वाजवायचा की शेजारी खिडकीतून डोकावायचे. दर रविवारी दुपारी, दुकान अर्धा दिवस बंद असताना, हा खेळ चाले. एकाने दुसऱ्याचं वाक्य घ्यायचं नाही, हा नियम कुणी केला ते कुणालाच आठवत नव्हतं, पण तो मोडायची हिंमत कुणाची नव्हती. एकदा थोरलीने गंमत म्हणून भोंगा वाजवला, तर धाकटा दोन दिवस तिच्याशी बोलला नाही.

पुढे धाकटा नोकरीसाठी लांब गेला आणि पहिल्या पगारातून त्याच सिनेमाची नवीकोरी डीव्हीडीची चकती घेऊन आला. सगळ्यांनी हौसेने ती लावली. निरोपाच्या प्रसंगात तो माणूस कर्तव्यावर लांबलचक भाषण ठोकत होता, आणि बायको एक अक्षर बोलत नव्हती, नुसती ओठ हलवत रडत होती. आईला हे मुळीच पटलं नाही. नवरा वर्षभरासाठी चाललाय आणि बाई अशी मुक्यासारखी उभी राहील होय, असं ती दोन दिवस म्हणत होती. चकती पाकिटात गेली, ती पुन्हा बाहेर आली नाही.

मग चष्मेवाले गेले. दुकानातच, समोरच्या गिऱ्हाइकाला अक्षरांचा तक्ता वाचायला सांगता सांगता. दुकान थोरलीकडे आलं. भिंगं घासायच्या यंत्रापुढे बसून बसून तिच्या बोटांना बापासारखेच घट्टे पडले. रविवारी आता दोघीच असत. बाबांच्या वाक्यापाशी कुणी बोलायचं नाही. पडद्यावरचा माणूस ओठ हलवी, खोली गप्प असे, आणि तेवढी जागा सोडून आई आपलं वाक्य म्हणे. थोरलीला त्या जागेचा धसका बसला होता. आईला मात्र त्या जागेसाठीच सिनेमा लावायचा असतो, असं तिला वाटू लागलं. कडीवरूनही दोघींची रोज कुरबुर होई. थोरली झोपायच्या आधी दाराला आतून कडी घाली, आणि सकाळी उठून बघावं तर ती काढलेली असे. आतून कडी असली की बाहेरून किल्ली लागत नाही. इतकी वर्षं त्या घरात कडी घातलीच जात नव्हती.

असाच एक रविवार होता. सकाळी दुकानात एका माणसाच्या चष्म्याचा नंबर चुकल्यावरून थोरलीने बोलणी खाल्ली होती, डोकं ठणकत होतं. आईने कॅसेट हातात घेऊन विचारलं, लावायचा का? थोरली म्हणाली,

"पुरे झालं आता, आई. तोच सिनेमा किती वेळा बघायचा? बाबा काही त्यातून परत येणार नाहीत."

आई काही बोलली नाही. तिने कॅसेट डब्यात घातली, डबा पदराने पुसून कपाटात ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात पडलेली सापडली. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही एकदम गेली.

पाच महिने झाले. हातापायात थोडी हालचाल आली, वाचा आली नाही. आईला सगळं कळत होतं, डोळ्यांत दिसत होतं, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता. बोलायला शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा येत, चित्रांचे पत्ते समोर धरत. पेला. खुर्ची. चावी. आई पत्ता बघे, ओठ जुळवी, मग मान वळवून घेई. थोरलीला जेवण जाईना. आईने आता आपल्याला दोन शिव्या दिल्या तरी चालतील, पण काहीतरी बोलावं. नाहीतर त्या दुपारचं आपलं बोलणं तसंच राहील, आणि आईच्या गप्प राहण्यावरच सगळं संपेल. हे ती कुणाला सांगू शकत नव्हती. शेवटी एक दिवस तिने जिन्यात उभं राहून शिकवणाऱ्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, नवे शब्द जुळवता येत नाहीत अशा माणसांना कधी कधी वर्षानुवर्षं घोकलेलं एखादं वाक्य येतं. येईलच असं नाही. तसं काही पाठ आहे का त्यांचं?

थोरलीने त्याच दिवशी भावाला फोन केला. म्हणाली, रविवारी ये, भोंगा वाजवायचाय.

धाकटा आला. पोट सुटलेलं, केस विरळ झालेले, तरी आल्याबरोबर आईच्या कुशीत डोकं घालून बसला. व्हीसीआर थोरलीने आदल्या दिवशी बाबांच्याच स्क्रूड्रायव्हरने उघडून साफ केला होता, आणि आपण कुणाची खोड उचललीय हे तिच्या लक्षात आलं होतं. आईला उशांच्या आधाराने बसवलं. थोरली तिच्या डाव्या बाजूला, म्हणजे चालणाऱ्या हाताच्या बाजूला बसली. कॅसेट लागली. चित्र आता फारच उतरलं होतं, समुद्र आणि आकाश यांत फरक उरला नव्हता.

निरोपाचा प्रसंग आला आणि आवाज गेला. पडद्यावरचा माणूस दारात वळला. त्याचे ओठ हलायला लागले. दोघं भावंडं नेहमीसारखी गप्प राहिली. ही जागा बाबांची. आता तो थांबेल, मग बाईचे ओठ हलतील, मग आई म्हणेल, दोन घास खाऊन तरी जा. थोरली मनातल्या मनात आईचं वाक्य तिच्याकडे ढकलत होती.

आई बोलली. पण आत्ताच, त्या रिकाम्या जागेत.

"दार," आई म्हणाली. आवाज घोगरा, गंजल्यासारखा. "दार लावून घे."

धाकट्याने तोंडावर हात दाबला. आई पडद्याकडे बघत नव्हती. तिने डाव्या हाताने थोरलीचं मनगट धरलं होतं आणि ती तिच्याचकडे बघत होती.

"वाट... बघत बसू नकोस." मध्ये बराच वेळ गेला. पडद्यावरच्या माणसाचे ओठ केव्हाच थांबले होते. "किल्ली आहे माझ्याकडे."

इतक्या वर्षांत हे वाक्य दुसऱ्या कुणी उच्चारलं नव्हतं. आईला तिचं स्वतःचं वाक्य आठवलं नाही म्हणून हे आलं, असं शिकवणाऱ्या बाई पुढे म्हणाल्या, आणि ते खरंही असेल. पण तिथे बसलेल्या थोरलीला आई काय सांगतेय ते स्वच्छ कळलं. आई रागावलेली नव्हती. आई निघाली होती. थोरलीला एवढंच हवं होतं की आईने बोलावं, आणि आई बोलली ती हे.

पडद्यावर बाईचे ओठ हलत होते. ते वाक्य म्हणायला कुणी उरलं नव्हतं. थोरलीने नियम मोडला, या वेळी गंमत म्हणून नाही. ती म्हणाली,

"दोन घास खाऊन तरी जा, आई."

आई अर्ध्या तोंडाने हसली. मनगटावरची पकड तिने सोडली नाही. नावाडी आला आणि गेला, त्याचं वाक्य कुणीच म्हटलं नाही. आटपा लवकर हे शब्द थोरलीने त्यानंतर गिऱ्हाइकालासुद्धा कधी म्हटले नाहीत. धाकट्याने भोंगा वाजवला, पण तो मध्येच फुटला, आणि त्याने तोंड भिंतीकडे केलं.

आई त्यानंतर सात आठवडे होती. शिकवणाऱ्या बाई येत राहिल्या, पत्ते धरत राहिल्या. आई दुसरा एकही शब्द बोलली नाही, आणि थोरलीने तिला बोलायचा आग्रह केला नाही. ती शेजारी बसून चमच्याने भरवी. आई दोन घास खाई, कधी तीन.

सगळं आटोपून धाकटाही परत गेला, त्या संध्याकाळी थोरली दुकानातून घरी आली. दिवा लावला, कपाट उघडून कॅसेटचा डबा पदराने पुसला आणि होता तिथे ठेवला. मग तिने दार लावून घेतलं. कडीला हात घातला, थोडा वेळ तशीच उभी राहिली, आणि कडी न घालता आत गेली.