पाठ फिरवून सांगितलेली वाक्यं

चौथीच्या बाईंच्या वर्गात नवी मुलगी आली होती. तिच्या दोन्ही कानांना यंत्रं होती. तिच्यामुळेच मुख्याध्यापिकांनी बाईंना प्रशिक्षणाला पाठवायचं ठरवलं.

"वेगवेगळ्या गरजा असलेल्या मुलांना कसं शिकवायचं, त्यावर शिबिर आहे. तुम्ही आणि चित्रकलेचे सर जाऊन या."

बाईंनी मान हलवली. हल्ली त्या बहुतेक गोष्टींना नुसती मानच हलवायच्या.

पूर्वी बाईंशिवाय शिक्षकांच्या खोलीतला चहा रंगत नसे. आता त्या खिडकीपाशी वह्या तपासत बसत. कुणी विनोद केला, की सगळे हसल्यावर त्याही हसत. घरी नवरा म्हणायचा, "तुझ्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं!" मोठी बहीण म्हणाली, वयाचं असतं, होतं असं. बाईंनाही तेच पटलं होतं. दुःख नव्हतं, राग नव्हता. दिवस उगवायचा, त्या तो ढकलायच्या, तो मावळायचा.

शिबिर एका कॉलेजच्या सभागृहात होतं. "मागे बसू हो, डुलकी तरी काढता येईल," सर म्हणाले. पण बाई सरळ पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. प्रशिक्षक म्हणजे आखूड केसांची, भराभर बोलणारी एक तरुण मुलगी होती. सकाळी तिने अक्षरं उलटीसुलटी दिसणाऱ्या मुलांबद्दल सांगितलं, एका जागी बसू न शकणाऱ्यांबद्दल सांगितलं. बाईंनी मुकाट्याने लिहून घेतलं.

जेवणानंतर तिने सगळ्यांना स्पंजचे पिवळे बोळे वाटले. ते कानात घालायचे आणि ती बोलेल ते कागदावर लिहायचं. पहिलं वाक्य तिने सगळ्यांकडे तोंड करून, हळू आवाजात म्हटलं. मग कागद मोठ्याने वाचून दाखवायला लावले. चित्रकलेच्या सरांनी लिहिलं होतं, 'उद्या सालीला नाण्याची पाटी आणा.' सभागृहात हशा पिकला. बाईंच्या कागदावर होतं, 'उद्या सहलीला पाण्याची बाटली आणा.' अगदी बरोबर.

"वा! कसं काय जमलं?"

"अंदाजाने," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या वेळी प्रशिक्षक फळ्याकडे वळली आणि लिहितालिहिता बोलत राहिली. "वर्गात आपण सगळे असंच करतो ना?" हे तिने वळून मागाहून सांगितलं. कुणाला दोन शब्द कळले होते, कुणाला चार. बाईंचा कागद कोरा होता.

मग सगळ्यांनी बोळे काढले, म्हणून बाईंनीही काढले. प्रशिक्षक पुन्हा पाठमोरी झाली. आजूबाजूची पेनं भराभर चालू लागली. बाई पेन उघडून वाट बघत राहिल्या.

रांगांतून फिरताना प्रशिक्षक बाईंपाशी थांबली. खाली वाकून, चेहरा समोर आणून तिने विचारलं, "बाई, बोळे काढलेत ना?"

बाईंनी मूठ उघडून दाखवली.

"मग आत्ता मी काय म्हटलं?"

"तुम्ही बोललात?"

कुणी हसलं नाही. बाईंना वाटलं, आता लाज वाटेल, रडू येईल. तसं काहीच झालं नाही. हातातले चेपलेले बोळे हळूहळू फुगून मूळ आकारात येत होते. बाई तेच बघत बसल्या.

चहाच्या वेळी प्रशिक्षक त्यांना व्हरांड्यात घेऊन गेली. उजेड आपल्या चेहऱ्यावर पडेल अशी उभी राहिली.

"तुम्ही ओठ वाचता. कुठे शिकलात?"

"शिकले नाही. लोक हल्ली पुटपुटतात, म्हणून मी तोंडाकडे बघायला लागले."

"दिवसभर?"

"वर्गातही आणि घरीही."

"दमत असाल हो," ती म्हणाली.

शाळेतून आल्यावर बाई दिवा न लावता खुर्चीत बसून राहायच्या. नवऱ्याला वाटायचं रुसल्यात, बहिणीला वाटायचं वय झालं. दमल्या असतील असं कुणालाच वाटलं नव्हतं, त्यांना स्वतःलाही नाही.

परतताना बसमध्ये सर खिडकीबाहेर बघत काहीतरी बोलत होते.

"सर, माझ्याकडे तोंड करून बोला."

सर वळले. "अहो, मी काय म्हणत होतो... मागच्या वर्षी मी तुम्हाला मागून हाका मारायचो आणि तुम्ही तरातरा पुढे जायचात. मी घरी सांगितलंसुद्धा, बाईंना शिंगं फुटलीत म्हणून." त्यांनी कान पकडले. "वहिनी माफ करा" असं काहीतरी म्हणाले. बाई त्यांची वहिनी नव्हत्या, पण त्यांनी ते चालवून घेतलं.

घरी नवरा टीव्ही बघत होता. बाई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.

"मला ऐकू येत नाही."

"काय?"

"मला. ऐकू. येत. नाही."

त्याने टीव्ही बंद केला. "म्हणजे मी इतके दिवस भांडत होतो ते?"

"एकतर्फी होतं."

तो हसला. मग डोळे पुसत आत गेला आणि दोघांसाठी चहा टाकला. ते बघूनही बाईंना काही वाटलं नाही. आपल्याला काही वाटायला हवं होतं, एवढं मात्र जाणवलं.

कानांची तपासणी झाली, यंत्रं आली. नळ, चमचे, कागद, सगळ्यांचे आवाज अंगावर यायला लागले. मुख्याध्यापिकांनी दार लावून घेऊन विचारलं, "मुलं वाचायची, तेव्हा त्यांचं चुकलेलं तुम्हाला कसं कळायचं?"

"पुष्कळदा कळत नसे," बाई म्हणाल्या.

मोठ्याने वाचनाचा तास शेजारच्या वर्गाच्या बाईंकडे गेला. गणित राहिलं. बाईंनी हरकत घेतली नाही.

सोमवारी त्यांनी वर्गाला सांगितलं, "मला कमी ऐकू येतं. बोलताना हात वर करा, मग माझ्याकडे बघून बोला."

मागच्या बाकावरून हात वर झाला. "बाई, आम्ही मागे बसून बोलायचो ते?"

"एक अक्षर ऐकू यायचं नाही."

"अरेरे," कुणीतरी कळवळून म्हणालं, "उगाच हळू बोलायचो!"

तास संपल्यावर नवी मुलगी टेबलापाशी आली. बाईंच्या कानांकडे नीट बघून म्हणाली, "पहिल्यांदा डोकं दुखतं."

"हो ना. दुखतंय. मग बरं कधी वाटतं?"

मुलीने खरोखरच विचार केला. "बरं असं नाही वाटत. सवय होते."

मघाशी वर्गात बाईंनी फळ्याकडे वळून समजावलेली वजाबाकी तिला कळली नव्हती. बाईंनी खुर्ची वळवून घेतली, तिला समोर बसवलं आणि पहिल्यापासून पुन्हा सांगायला सुरुवात केली.