ऐनेइते आणि आत्या

आत्याचा आवाज आत्यासारखाच होता, कुणाच्या बापाला न भिणारा. सूर एका वाटेने जाई, आत्या दुसऱ्या, आणि तीही तावातावाने. चर्चच्या गायकवृंदाचा मास्तर तिचा सख्खा भाचा. रविवारी बिशप येणार होते. त्यांच्यासमोर आत्याने गाऊ नये, एवढंच त्याला हवं होतं. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण?

मास्तर थोडं ग्रीक शिकला होता आणि ते वापरायला कुठे मिळत नसे. तालमीला त्याने ती हौस भागवून घेतली. गीतातल्या 'स्तुती करा' या शब्दांमागे मूळ ग्रीक शब्द आहे 'ऐनेइते', त्याने समजावलं. धातू 'ऐनेओ', स्तुती करणे. रूप आज्ञार्थी, तेही वर्तमानकाळी, म्हणजे करत राहा. नव्या करारात हा शब्द माणसांच्या वाट्याला येत नाही, फक्त देवाच्या. आणि त्याचा अर्थ 'गा' असा मुळीच नाही, गाण्याला वेगळे शब्द आहेत. स्तुती मनातल्या मनातही चालते. हे शेवटचं मात्र मास्तरने पदरचं घातलं होतं.

ते एकाला सांगितलंय की सगळ्यांना, आत्याने विचारलं. अनेकवचन आहे, मास्तर पुटपुटला. "बरं," म्हणून तिने पुस्तक मिटलं आणि हातांची घडी घालून बसली.

ऑर्गन सुरू झाला. पहिल्याच ओळीला ज्याला त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला आणि जो तो दचकला. शिंपीणबाई बेकरीवाल्याची वाट पाहू लागली, बेकरीवाला तिची. दुसऱ्या कडव्याला नुसता ऑर्गन वाजत होता.

"मास्तर," बेकरीवाला ओशाळून म्हणाला, "आत्याबाई गात असल्या की आमच्या चुका झाकल्या जातात हो. त्यांच्या जिवावर तर आम्ही तोंड उघडतो."

मास्तरचा चेहरा पाहण्यासारखा झाला. तो मुकाट आत्यापाशी गेला आणि तिची माफी मागू लागला. तिने त्याला मध्येच थांबवलं.

"माझा सूर कसा आहे ते मला ठाऊक नाही होय? लहानपणी तू इथे गायला लाजायचास. सगळ्यांनी तुझ्याऐवजी माझ्याकडे बघावं म्हणून मी मोठ्याने गायला लागले. तू तोंड उघडलंस. मग मला थांब म्हणायचं कुणाला सुचलंच नाही."

बिशप ऐकतील तर ऐकोत, त्याने ठरवलं. "आत्या, गा," तो म्हणाला.

"आणि तू? मास्तर झाल्यापासून नुसते हातच हलवतोस."

तो तिच्या शेजारी उभा राहिला आणि गाऊ लागला. पहिलाच सूर चुकला. कुणाच्या लक्षातही आलं नाही.