ताणावरची बाग

ओट्यावर अरुंधती आणि बागेचे मालक धर्मराज समोरासमोर बसले होते. फळांसाठी आणलेली पेटी अरुंधतीने अजून उघडलीही नव्हती. नुकतीच धर्मराजांची लेक शालू तिला म्हणाली होती, "केस बघा ना ताई, वेणी येऊन राह्यली! सुया बंद केल्या ना." आणि चहा ठेवायला आत गेली होती.

धावडा गावातल्या या बागेतली मोसंबी अरुंधती आपल्या प्रयोगशाळेत नेई. रसात फळाच्या पेशींनी सोडलेल्या, नजरेला कधीच न दिसणाऱ्या पिशव्या असतात. त्यांत औषध भरून ते थेट आतड्यातल्या गाठीपर्यंत पोचवता येईल का, हे ती उंदरांवर तपासत होती. मागच्या हंगामात तिने हे याच ओट्यावर कौतुकाने सांगितले होते. शालू तेव्हा आतड्याच्या कर्करोगावर जालन्याला केमोच्या सुया घेत होती.

"काका, सुया बंद करायला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई." धर्मराज बागेकडे बघत राहिले. "बहार धरायचा तर आधी पाणी तोडावं लागतं, ताई. पानं गळतात, लोक म्हणतात बाग गेली. मंग पाणी सोडलं की फुलंच फुलं. म्हटलं, पोरीच्या अंगालाबी ताण देऊ. जुनं औषध निघून गेलं म्हंजी तुमचं बराबर लागंल."

अरुंधतीने पेटी बाजूला सारली. "ते अजून औषधच नाही, काका. माणसांपर्यंत कधी येईल, येईल की नाही, मलाही ठाऊक नाही. चला, आजच दवाखान्यात—"

"काल गेल्तो, तिचे नवे रिपोर्ट घेऊन." त्यांचा आवाज अगदी खाली आला. "डॉक्टर म्हणले, सगळीकडं पसरलं. आता सुयांनी छळू नका तिला. तिला सांगितलं न्हाई अजून."

शालू कप घेऊन बाहेर आली. "ताई, तुमचे उंदीर मजेत ना? आमच्यापेक्षा त्यांचेच लाड!"

अरुंधतीला हसता आले नाही. शालूने दोघांचे चेहरे पाहिले.

"तुमचं औषध तयार न्हाई, एवढंच ना? मंग त्यात तोंडं पाडायची काय? केस काय, पुन्हा येतील." ती वडिलांकडे वळली. "आबा, उद्या पहिल्याच गाडीनं जाऊ. घेते मी सुया. नेता ना?"

तिने पुढे केलेला कप धर्मराजांनी घेतला नाही. वहाणा पायांत सरकवून ते ओट्यावरून उतरले आणि झाडांच्या दिशेने चालू लागले.