हात तेवढे घरी

बेल्जियमच्या फुटबॉल क्लबनं माझ्या मुलाला, इंद्रजितला, घेतलं तेव्हा त्याचा फक्त डावा पाय गेला. बाकीचा मुलगा आमच्याकडेच, कॅनडात ब्राम्प्टनमध्ये राहिला.

त्यांना डावाच हवा होता. तसं एजंटनं फोनवर सांगितलं. एजंटचं नाव ब्राइस. "अभिनंदन," तो म्हणाला, "चांगला डावा पाय युरोपात शोधून सापडत नाही." मी विचारलं, "आणि बाकीचा?" तो म्हणाला, "बाकीचा सध्या तुमच्याकडेच असू दे." जसं काही आम्ही त्याचं सामान राखायला बसलो होतो.

विमानतळाच्या पार्किंगमध्ये विजयमालानं, म्हणजे माझ्या बायकोनं, पायाला ओवाळलं. आम्ही दोघं कोल्हापूरचे. लांबच्या गावाला निघालेल्या माणसाला आमच्यात ओवाळल्याशिवाय सोडत नाहीत. इंद्रजितचं कपाळ माझ्या शेजारीच उभं होतं, पण जाणार होता पाय, म्हणून तिनं गुडघ्यावर कुंकू लावलं. मग पाय उड्या मारत काचेच्या दारातून आत गेला. उरलेला इंद्रजित माझ्या खांद्याला धरून लंगडत गाडीत येऊन बसला आणि म्हणाला, "पप्पा, बरंच झालं ना?"

"लई बरं झालं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

पुढच्या उन्हाळ्यात उजवा पाय तुर्कस्तानला गेला. त्याची बातमी द्यायला ब्राइस गाडी घेऊन आमच्या दारापर्यंत आला. हिवाळ्यात पोर्तुगालच्या क्लबनं छाती, पाठ, पोट असं मधलं सगळं मागितलं. अंगावर चेंडू थोपवण्यात पोरगा पक्का होता. त्या वेळी ब्राइस हॉलमध्ये सोफ्यावर बसला. आणि इंग्लंडच्या दुसऱ्या दर्जाच्या लीगमधल्या क्लबनं हेडरसाठी डोकं नेलं, त्या सकाळी आम्ही उठून खाली आलो तर ब्राइस स्वयंपाकघरात होता. त्यानं स्वतःच चहा टाकला होता. आलं घातलं नव्हतं.

राहिले हात. फुटबॉलमध्ये हातांना कोण विचारतो? गोलकीपर सोडला तर हात म्हणजे नुसती भानगड, लागला की फाउल. मी ब्राइसला स्पष्टच विचारलं. "हातांना मागणी नाही," तो म्हणाला. "ते तुम्हालाच राहतील." विजयमाला त्याच्यासमोर काही बोलली नाही. तो गेल्यावर मात्र तिनं दोन्ही हात उचलून मांडीवर घेतले आणि म्हणाली, "नेऊ देत मेल्यांना काय न्यायचं ते. हे दोन आहेत तोवर मला पोरगा आहे."

कोल्हापूरला आमच्या पेठेत कुणी आपली तालीम सोडून दुसऱ्या तालमीकडून खेळला, तर त्याला कोपऱ्यावर कुणी चहा पाजायचं नाही. तालीम म्हणजे खरं तर कुस्तीची, पण कोल्हापुरात फुटबॉलचे संघही तालमींच्याच नावानं खेळतात. मी स्वतः आमच्या पेठेकडून खेळलो. तेव्हा मला तो चहा न पाजण्याचा प्रकार अडाणीपणाचा वाटायचा. आता वाटतं, त्यांचं काय चुकत होतं? निदान माणूस अख्खा गल्लीत दिसायचा.

इथं हॉकीची बातमी संपली, बर्फाची संपली, की उरलं तर फुटबॉल. एका वेबसाइटवर मात्र दर सोमवारी परदेशी खेळणाऱ्या कॅनडाच्या खेळाडूंची खबर यायची. मी बसच्या डेपोत, ड्युटी सुरू व्हायच्या आधी वाचायचो. 'ब्राम्प्टनच्या इंडी चौगुलेच्या डाव्या पायानं बेल्जियममध्ये गोलचा पास दिला. उजवा पाय तुर्कस्तानात बाकावरच बसून राहिला. डोक्यानं इंग्लंडमध्ये पूर्ण वेळ खेळ केला, मात्र त्याला पिवळं कार्ड मिळालं.' डेपोतली पोरं पाठीवर थाप मारायची. महाराष्ट्र मंडळात लोक विजयमालाला विचारायचे, "आता कुठे असतो हो इंद्रजित?" ती सांगायला लागायची आणि त्यांचे डोळे मोठे व्हायचे. "चार देशांत! भाग्यवान आहात बाई." घरी आल्यावर ती पर्स अशी आदळायची की काही विचारू नका.

रविवारी डोक्याचा व्हिडिओ कॉल यायचा. ते तिकडच्या खोलीत उशीला टेकलेलं असायचं.

"जेवलास का रे?" विजयमाला विचारायची.

"पोट पोर्तुगालला आहे, आई. तिकडं विचार."

"थंडी आहे का?"

"कानाला आहे."

मग ती हातांना फोनसमोर धरायची. डोकं त्यांच्याकडं बघायचं, लांबच्या नातेवाइकाकडं बघावं तसं. "नखं वाढलीत," एकदा म्हणालं.

हातांचं मात्र घरात छान चाललं होतं. खोटं कशाला बोलू? अख्खा होता तेव्हा इंद्रजितनं घरात कधी काडी उचलली नव्हती. आता हात सकाळी कणीक मळायचे. विजयमालानं त्यांना भाकरी थापायला शिकवली, आणि अशा गोल भाकऱ्या व्हायला लागल्या की मी म्हटलं, युरोपवाल्यांना कळलं तर पंचाईत व्हायची. "उचलली जीभ लावली टाळ्याला," ती माझ्यावर खेकसली. "असलं बोलू नका या घरात."

दुपारी ती झोपली की डावा हात तिच्या मुठीत जाऊन पडायचा. उजवा माझ्याबरोबर पत्ते खेळायचा आणि सरळसरळ चोरी करायचा. मी त्याच्याशी बोलायचो. तो ऐकायचा. डोक्यानं माझं कधी एवढं ऐकलं नव्हतं.

बाहेर गुडघाभर बर्फ पडला की करायचं काय? मी बेसमेंटमध्ये त्यांना थ्रो शिकवायला लागलो. माझा थ्रो पेठेत गाजलेला. बाजूच्या रेषेवरून मी टाकलेला चेंडू थेट गोलपाशी पडायचा, आणि गॅलरीतून आरोळी उठायची की अंगावर काटा यावा. चेंडू डोक्यामागून कसा आणायचा, दोन्ही हातांनी सारखा जोर कसा लावायचा, हे मी त्यांना दाखवलं. मन रमावं एवढाच हेतू. आठवड्याभरात चेंडू एवढ्या जोरानं समोरच्या भिंतीवर बसायला लागला की वर कपबश्या वाजायच्या. विजयमाला जिन्यावरून ओरडायची, "घर पाडताय का आता?" पण हसत ओरडायची.

मार्चमध्ये राष्ट्रीय संघ जाहीर झाला आणि त्यात इंद्रजितचं नाव होतं. टोरांटोत जमैकाशी सामना. जिंकलो तरच पुढं जाणार. देशासाठी खेळायचं तर खेळाडू अख्खा लागतो, आणि तेवढ्या दिवसांपुरता क्लबनं तो सोडायचाच, असा नियम आहे. विजयमालानं ते ऐकलं आणि खुर्चीत बसली. "म्हणजे अख्खा बघायला मिळेल," ती म्हणाली. मग एकदम उठून तिनं बेसनाचे लाडू करायला घेतले, आणि हातांनी ते वळले. आपल्याच तोंडासाठी वळताहेत हे त्यांना कळत होतं की नाही, देव जाणे.

तुर्कस्तानवाले उजवा पाय सोडायला तयार नव्हते. स्नायू दुखावलाय म्हणाले. ब्राइसनं फोनाफोनी केली तेव्हा पाय सामन्याच्या सकाळी आला, तोही भलत्याच विमानानं. हात आम्ही आमच्या गाडीतून नेले. लोकरीचे हातमोजे घालून ते मागच्या सीटवर बसले होते. स्टेडियमच्या मागच्या दारात संघाच्या माणसानं ते ताब्यात घेतले. डाव्यानं विजयमालाची ओढणी धरून ठेवली होती. ती सोडवावी लागली.

आणि मग तो मैदानात आला. अख्खा. माझा पोरगा बोगद्यातून दोन पायांवर चालत आला, मानेवर डोकं, खांद्याला हात. विजयमाला उभी राहिली ती बसलीच नाही. मागचा माणूस म्हणाला, "बाई, बसा." मी मागं वळून त्याच्याकडं असं बघितलं की तोच उभा राहिला.

खेळ काही जमत नव्हता. डावा पाय बेल्जियमसारखा खेळायचा, उजवा तुर्कस्तानसारखा, आणि दोघांची ओळखच नसल्यासारखं चाललं होतं. डोकं दोघांवर इंग्रजीत ओरडत होतं. एक-एक अशी बरोबरी. शेवटची मिनिटं आली आणि चेंडू आमच्याच बाजूनं, आमच्या नाकासमोरून रेषेबाहेर गेला. इंद्रजित थ्रो घ्यायला आला. इतका जवळ की दाढीचे खुंट दिसत होते. डोक्यानं इकडं तिकडं बघितलं आणि जवळच्या खेळाडूला खूण केली. हळूच टाकणार होता, शेळपटासारखा.

माझ्यातला कोल्हापूरकर गप्प बसेना. मी कठड्यावर वाकून बोंब ठोकली, "लांब टाक रं! पार गोलात टाक!"

डोकं वळलंच नाही. हातांनी ऐकलं. ते वर गेले, मानेमागं आले आणि चेंडू असा सुटला, की तो कॅनडाचा आणि जमैकाचा सगळा बाजार ओलांडून गोलच्या तोंडाशी पडला. कुणाच्या तरी कपाळाला लागून आत गेला.

स्टेडियम दणाणलं. अनोळखी लोक मला मिठ्या मारत होते. मी नाचत होतो, शिट्ट्या मारत होतो, माझा थ्रो, माझा थ्रो म्हणून शेजाऱ्याला सांगत होतो. बाजूला बघितलं तर विजयमाला टाळ्या वाजवत नव्हती. समोरच्या मोठ्या पडद्यावर तेच पुन्हा पुन्हा दाखवत होते. गोल नव्हे. हात.

"हात दाखवून अवलक्षण केलंत," ती म्हणाली.

माझी शिट्टी तोंडातच राहिली.

सामन्यानंतर कुटुंबाला भेटायला थोडा वेळ देतात. एका खोलीत तो बाकावर बसला होता. विजयमालानं त्याला डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं, बाजारातली भाजी चाचपतात तसं, आणि मग गच्च धरलं. त्यानं लाडू खाल्ला. "पप्पा," तो भरल्या तोंडानं म्हणाला, "हात आज काय भारी होते ना? मला माहीतच नव्हतं." तो खरंच खूश होता. त्यामुळं मला जास्तच वाईट वाटलं. तेवढ्यात दारात गाड्या लागल्या, आणि ज्याचं त्यानं आपापलं नेलं. डोकं जाताना लाडू चघळतच होतं.

हात आमच्याबरोबर घरी आले. दार उघडलं तर जेवणाच्या टेबलापाशी ब्राइस बसला होता. समोर चहा.

"अभिनंदन," तो म्हणाला. "जर्मनी. पहिल्या दर्जाचा क्लब. थ्रोसाठी."

"हातांना मागणी नाही म्हणाला होतास."

"काल नव्हती."

मी माझ्या शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले. "हा थ्रो माझा आहे. मी शिकवलाय त्यांना. माझे घेऊन जा."

ब्राइसनं ते नीट बघितले. उलटे करून बघितले. "वय?"

"अठ्ठावन्न."

त्यानं चहाचा घोट घेतला.

मग विजयमाला बोलली. आजवर ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. "उजवा न्या," ती म्हणाली. "डावा ठेवा मला. एवढंच मागते."

"थ्रोला दोन्ही लागतात, मॅडम. नियम आहे."

मी डोक्याला फोन लावला. ते अजून टोरांटोच्या विमानतळावरच होतं, झोपाळलेलं. मी सगळं सांगितलं. "हातांचं हातांना विचारा ना, पप्पा," ते म्हणालं. "मी काय सांगू?"

म्हणून मी हातांना विचारलं. आम्ही तिघं, ब्राइस धरून, टेबलाभोवती बसलो होतो. उजवा टेबलावरून सरकत गेला आणि ब्राइसच्या बॅगेवर जाऊन बसला. डावा विजयमालाच्या मुठीत शिरला. तिनं मूठ आवळली. आयुष्यभर भाकऱ्या थापलेली मूठ ती, लेचीपेची नव्हे. माझ्या मनात आलं, आता कोण सोडवतो बघू.

ब्राइसनं घड्याळाकडं बघितलं, पण जागचा उठला नाही. त्याला उठायची गरज नव्हती.

उजवा हात बॅगेवरून उतरला आणि टेबलावरून परत आला. विजयमालाच्या मुठीपाशी थांबला. तिच्या मनगटावरून एकदा फिरला, लहानपणी ताप आला की ती इंद्रजितच्या अंगावरून हात फिरवायची तसा. मग त्यानं तिचा अंगठा उचलून बाजूला केला. नंतर पहिलं बोट. जोर लावला नाही, दुखवलं नाही, इतक्या मायेनं की ती ओरडूही शकली नाही. मधलं बोट. त्याच्या शेजारचं. करंगळी तेवढी राहिली होती.